आधी मालकी, मग दान

विशेष गरजा असलेल्या मुलांना काय द्यावं, यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. ही मुलं दुसऱ्याला काय देऊ शकतील, त्यांना देणं शिकवता येतं का आणि शिकवायचं तर कसं, यावर फारसं कोणी बोलत नाही. विशेष शिक्षणात दात घासणं, बटण लावणं, नाणी ओळखणं, रस्ता ओलांडणं यांचे टप्पे ठरलेले असतात. दयाळूपणाचा टप्पा मात्र बहुतेक ठिकाणी गृहीत धरलेला असतो किंवा सोडून दिलेला असतो. 'ही मुलं मुळातच प्रेमळ असतात' असं म्हणणारे ते गृहीत धरतात. 'त्यांना काय कळणार' असं म्हणणारे सोडून देतात. दोन्ही बाजू मुलाला शिकवण्याच्या कामातून सुटतात.

उदाहरण म्हणून एकच परिसर घेऊ. ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणं आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, चितळसरला लागून. दुसरं डोंबिवली पूर्वेला, मानपाडेश्वराच्या देवळाचं. तिथला मानपाडा रस्ता स्टेशनच्या बाजूने निघून कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो. दोन्हीकडे गेल्या दोन-तीन दशकांत गावठाणाभोवती टॉवर उभे राहिले आणि मोठ्या सोसायट्यांबरोबर मदतीच्या मोहिमाही आल्या. याच टापूत विशेष मुलांसाठीचं कामही जुनं आहे. ठाणे महापालिकेची 'जिद्द' शाळा आहे, ठाण्यातलं 'विश्वास' केंद्र आहे, डोंबिवलीत 'क्षितिज' आणि 'अस्तित्व' आहेत. डोंबिवलीजवळच्या खोणी गावात अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे. पालकांनीच एकत्र येऊन मोठ्या झालेल्या मुलांसाठी उभं केलेलं हे निवासी घर. या संस्थांच्या कामाचं मूल्यमापन हा इथे विषय नाही. या परिसरातल्या एखाद्या विशेष मुलाच्या वाट्याला येणारं वर्ष मात्र पाहण्यासारखं असतं.

जूनमध्ये वह्या येतात. गणपतीत एखादं मंडळ खाऊ आणतं. दिवाळीआधी फराळाची पाकिटं, ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला पाहुणे, भाषणं आणि भेटवस्तू. अधूनमधून कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवस विशेष शाळेत साजरा होतो. केक पाहुण्यांचा, फोटोही पाहुण्यांचा, आणि शेवटी मुलांनी 'थँक यू' म्हणायचं. ३ डिसेंबरनंतर चारच दिवसांनी, ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वज दिन असतो. १९४९ पासून देशभर तो पाळला जातो आणि शाळाशाळांतून मुलं छोटे ध्वज घेऊन निधी गोळा करतात. साध्या शाळेतल्या मुलाच्या आठवणीत सार्वजनिक देण्याचा पहिला अनुभव बहुधा हाच असतो. विशेष मुलाच्या वर्षात ३ डिसेंबर ठळक असतो. ७ डिसेंबर ठळक असावा, असं फारसं कोणाला वाटत नाही.

देण्याची मराठी शिकवण

मुलांना देणं शिकवण्याची पद्धत आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. संक्रांतीचा तिळगूळ मुलाच्याच हाती वाटी देऊन शेजारी पाठवला जातो. भोंडल्याची खिरापत आधी ओळखायची आणि मग सगळ्यांनी वाटून खायची. दिवाळीचं फराळाचं ताट जिन्यातून वर-खाली नेण्याचं काम घरातल्या लहानाचंच. यात तीन गोष्टी आपोआप होतात. वस्तू डोळ्यांना दिसते, घेणारा माणूस समोर असतो आणि प्रसंग दरवर्षी त्याच वेळी, त्याच क्रमाने येतो. विशेष शिक्षक ज्याला दिनक्रमातून शिकवणं म्हणतात, ते या रिवाजांत आधीच आहे.

संघटित देण्याचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टी फंडाचं. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये सुरू झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं वसतिगृह उभं राहिलं. त्या मुलांच्या जेवणासाठी घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं, अशी ही योजना. देणारी घरं श्रीमंत नव्हती. मूठभर धान्याने कोणाचं घर बसत नव्हतं, पण देण्याची सवय रोजची होत होती. विशेष मुलासाठी हेच माप योग्य आहे: थोडं, नेमाने आणि स्वतःच्या वाट्यातलं.

दुसरं उदाहरण आनंदवनाचं. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवन सुरू झालं. कुष्ठरोग्याला भीक घालणं म्हणजेच पुण्य, अशी समजूत असलेल्या काळात बाबांनी दानापेक्षा काम मोठं मानलं. १९६४ मध्ये वरोऱ्याला आनंद निकेतन महाविद्यालय उभं राहिलं. ज्यांना गावाने बाहेर काढलं होतं, त्यांच्या श्रमातून गावाच्या मुलांना कॉलेज मिळालं. आनंदवनाची गोष्ट आपण सहसा समाजाने कुष्ठरोग्यांना काय दिलं याची म्हणून सांगतो. या विषयापुरती ती उलटी वाचावी: घेणारा म्हणून ठरवून टाकलेला माणूस देणारा झाला की त्याच्याकडे पाहण्याची गावाची नजर बदलते.

संशोधन काय सांगतं

फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८ महिन्यांची बाळं अनोळखी माणसाची पडलेली वस्तू कोणी न सांगता उचलून देताना दिसली. २०१२ मध्ये लारा अक्निन आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांखालच्या मुलांवर प्रयोग केला. खाऊ मिळताना होती त्यापेक्षा तो देताना मुलं जास्त आनंदी दिसली, आणि स्वतःच्या वाट्याचा खाऊ देताना तर आणखी आनंदी. प्रयोगकर्त्याने हातात ठेवलेला खाऊ पुढे सरकवण्यात तेवढा आनंद नव्हता.

हे झालं सर्वसाधारण मुलांबद्दल. स्वमग्न मुलांबाबत १९८५ चा एक अभ्यास फार गाजला. सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांच्या सॅली-अ‍ॅन चाचणीत २० पैकी १६ स्वमग्न मुलांना दुसऱ्याच्या मनातला चुकीचा समज ओळखता आला नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ मुलांना तो ओळखता आला. यातून 'स्वमग्न मुलांना दुसऱ्याचं दुःखच कळत नाही' असा निष्कर्ष लोकांनी परस्पर काढून टाकला. चाचणी दुसऱ्याच्या समजुतीबद्दल होती, दुःखाबद्दल नव्हती. २००८ मध्ये लीबाल आणि सहकाऱ्यांनी लहान स्वमग्न मुलांना मदतीचे प्रसंग दिले, तेव्हा पडलेली वस्तू उचलून देण्यासारखी मदत त्यांनी केली. अडचण आली ती दोघांनी मिळून करायच्या खेळात. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की समजण्यातली दरी दोन्ही बाजूंनी असते: स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळायला जड जातं, तसंच इतरांनाही त्याचं.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांबद्दल कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांचा २००३ चा अभ्यास उपयोगाचा आहे. समोरच्या माणसाला लागल्याचं दिसलं की ही मुलं त्याच्याकडे अधिक पाहत आणि त्याला अधिक धीर देत. मात्र काल्पनिक प्रसंगात पात्राला जे वाटतं तेच स्वतःलाही वाटतं, असं ही मुलं कमी सांगत. म्हणजे वागण्यातली दया आणि मनातल्या मनात दुसऱ्याच्या जागी जाणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. शिक्षकासाठी याचा अर्थ सरळ आहे. दुसऱ्याला काय वाटतं हे मुलाला नेमकं सांगता येईपर्यंत वागणं शिकवायचं थांबवू नये.

कोणाला कुठे अडतं

विशेष गरजा ही एकच गोष्ट नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार नोंदले आहेत. देण्याचा धडाही त्याप्रमाणे बदलावा लागतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला दहा रुपये ही कल्पना हातात धरता येत नाही, वडापाव धरता येतो. त्याच्यासाठी पैशापेक्षा वस्तू बरी, आणि दूरच्या पूरग्रस्तापेक्षा शेजारचा माणूस बरा. हल्ली घरात पैसा दिसतच नाही. आई फोन क्यूआर कोडसमोर धरते, आवाज येतो, काम होतं. त्या व्यवहारात काहीतरी दिलं गेलं, हे मुलाला कळायला काहीच खूण उरत नाही. देणगीपुरता तरी रोख पैसा घरात ठेवावा.

स्वमग्न मुलाच्या बाबतीत वस्तूशी असलेलं नातं समजून घ्यावं लागतं. मोठ्यांना जुनी आणि मोडकी वाटणारी गाडी त्याच्या दिवसाचा आधार असू शकते. ती न विचारता 'गरीब मुलांना' देऊन टाकणं म्हणजे त्याच्यापुरती सरळ चोरी. शिवाय दिलेली वस्तू परत येणार नाही, हे चित्रांनी आधी सांगावं लागतं. कॅरोल ग्रे यांनी १९९० च्या सुमारास विकसित केलेल्या सोशल स्टोरीज इथे कामी येतात: कुठे जायचं, कोण भेटेल, मी काय देईन, मग काय होईल, घरी कधी यायचं, हे चार-सहा साध्या वाक्यांत.

इथे एक अडचण आहे, तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. न बोलणाऱ्या मुलांना चित्रकार्ड देऊन मागणी करायला शिकवण्याची पेक्स पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये तयार केली. आपल्याकडच्या थेरपी सेंटरांतही ती रुळली आहे. तिचा पायाच असा की कार्ड द्यायचं आणि बिस्कीट घ्यायचं. जे मूल देणं हे मिळवण्याचं साधन म्हणून शिकलं आहे, त्याला बदल्यात काहीही न मिळणारं देणं पहिल्यांदा फसवणूक वाटू शकतं. म्हणून सुरुवातीला घेणाऱ्याकडून काहीतरी प्रतिसाद ठरवून ठेवावा: एक टाळी, एक फोटोकार्ड, कुत्र्याचं शेपूट हलणं. पुढे तो हळूहळू कमी करता येतो.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची अडचण अनेकदा मनाची नसून हाताची असते. दानपेटीची फट अरुंद असली की नाणं टाकणं हीच परीक्षा होऊन बसते आणि आई त्याच्या हातून ते काढून घेऊन स्वतः टाकते. फट मोठी करा, पेटी मांडीच्या उंचीवर आणा, हवा तेवढा वेळ द्या. अंध मुलाला नाणं स्पर्शाने ओळखता आलं पाहिजे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने दृष्टिहीनांना ओळखायला सोपी जावी अशी नाण्यांची मालिका आणली, त्यातलं वीस रुपयांचं नाणं बारा कोनांचं आहे. कर्णबधिर मुलाला सगळे पेटीकडे बोट दाखवतात, पैसे कोणासाठी ते खुणांच्या भाषेत सांगायला कोणी थांबत नाही. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल उत्साहाने देईल, पण अनोळखी माणसाला मिठीही मारेल. त्याला देणं शिकवताना हात जोडून नमस्कार करणंही शिकवायचं.

बक्षीस, कीव आणि फसवणूक

विशेष शाळांत चांगल्या वागण्याला टोकन, स्टार किंवा चॉकलेट मिळतं. लेखनाला, जागेवर बसण्याला ही पद्धत चालते. देण्याला ती लावावी का? वार्नेकेन आणि टोमासेलो यांनीच २००८ मध्ये २० महिन्यांच्या मुलांवर पाहिलं की मदतीबद्दल वस्तूचं बक्षीस मिळालेली मुलं पुढे कमी मदत करू लागली. नुसती शाबासकी मिळालेल्यांत ही घट दिसली नाही. तो प्रयोग विशेष मुलांवरचा नव्हता, त्यामुळे तो जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही. तरी सावध व्हायला तो पुरेसा आहे. देण्याच्या तक्त्यावर स्टार लागले की मूल स्टारसाठी देतं. पहिल्या काही वेळा वागणं बसवायला टोकन वापरावं लागलं तर वापरावं, पण ते काढून कधी घ्यायचं हे सुरू करतानाच ठरवून ठेवावं.

दुसरा धोका कीवेचा. अमेरिकेत विनोदी अभिनेते जेरी लुईस यांचा स्नायूविकारग्रस्त मुलांसाठीचा टेलिथॉन (टीव्हीवरून निधी गोळा करण्याचा कार्यक्रम) १९६६ पासून वर्षानुवर्षं चालला. पैसा भरपूर जमला. पण त्याच मोहिमेच्या पोस्टरवर झळकलेली काही मुलं मोठी झाल्यावर, १९९० च्या दशकात, तिच्याविरुद्ध उभी राहिली. आमच्या नावावर दया विकली, असा त्यांचा आक्षेप होता. ऑस्ट्रेलियन पत्रकार स्टेला यंग यांनी २०१२ मध्ये अपंग माणसांना इतरांच्या प्रेरणेसाठी वापरण्यावर बोट ठेवलं. विशेष मुलाच्या देण्याचाही असाच तमाशा होऊ शकतो. 'पाहा, याच्याकडे काही नाही, तरी हा देतो' असा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरला की मुलाचं दान लोकांच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी खर्ची पडतं. त्याचा फोटो काढायचाच असेल तर तो त्याला विचारून काढावा.

तिसरा धोका सर्वांत गंभीर. विशेष मुलांना वर्षानुवर्षं 'सांगितलं की ऐकायचं' हे शिकवलेलं असतं. त्यावर 'चांगली मुलं देतात' हा धडा आंधळेपणाने चढवला तर डबा, पैसे, मोबाइल आणि पुढे शरीरही मागणाऱ्याच्या हवाली करणारं मूल तयार होऊ शकतं. म्हणून देण्याच्या प्रत्येक पाठाला 'नाही, हे माझं आहे' म्हणण्याचा पाठ जोडलाच पाहिजे. कोणाला द्यायचं, किती द्यायचं, कोण मागेल तेव्हा ओरडून मोठ्या माणसाला बोलवायचं, हे दयाळूपणाच्या अभ्यासक्रमातच येतं. नकार ज्याला देता येत नाही, त्याच्या देण्याला दान म्हणता येत नाही.

पैसा कोणाचा?

सगळा प्रश्न अखेर इथे येऊन ठेपतो. विशेष मुलाचं स्वतःचं असं काय असतं? कपडे आई ठरवते, डबा आजी ठरवते, थेरपीची वेळ सेंटर ठरवतं. नातेवाइकांनी हातावर ठेवलेली नोट लगेच आईच्या पर्समध्ये जाते. ज्याच्या मालकीचं काहीच नाही, त्याच्या हातून दानपेटीत नाणं टाकून घेणं हा हाताचा व्यायाम आहे. अक्निन यांच्या प्रयोगातही आनंद वाढला होता तो स्वतःच्या वाट्यातलं देताना.

कायद्याने हा हक्क मान्य केला आहे. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता धारण करण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा इतरांच्या बरोबरीचा हक्क देतं. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली १८ वर्षांनंतर पालकत्वाची सोय आहे. पालकत्व काळजी घेण्यासाठी असतं. चाळिशीतल्या माणसाला दिवाळीत कोणाला दहा रुपये द्यावेसे वाटतात हे न विचारण्यासाठी ते नसतं.

विशेष शाळांच्या आणि कार्यशाळांच्या दिवाळीआधीच्या प्रदर्शनांत पणत्या, आकाशकंदील, पाकिटं, उटणं विकायला असतं. काम करणाऱ्यांना विद्यावेतनही दिलं जातं. ते बहुधा घरी जातं आणि घरात विरघळतं. त्यातले वीस-पंचवीस रुपये मोजून त्या मुलाच्या हातात द्यावेत आणि दोन-तीन चित्रांतून निवड करू द्यावी: स्वतःसाठी काही घ्यायचं, साठवायचं की कोणाला द्यायचं? त्याने स्वतःसाठी भेळ घेतली तर ती चूक नाही. निवड खरी असली की देणंही खरं होतं. जुहूच्या 'कॅफे अर्पण'मध्ये विकासात्मक अपंगत्व असलेली प्रौढ माणसं काम करून पगार मिळवतात. अशा पगारातून घरच्यांना आणलेली मिठाई हेही देणंच आहे, त्याला देणगीची पावती लागत नाही.

या परिसरात काय जमेल

ठाणे-डोंबिवलीत घेणारे जवळ आहेत, ही या परिसराची मोठी सोय आहे. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांची, सिग्नलवरच्या मुलांसाठीची सिग्नल शाळा २०१६ पासून आहे. वृद्धाश्रम आहेत, पाखरांना पाणी ठेवता येईल अशा गॅलऱ्या तर घरोघरी आहेत. डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झालेल्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत विशेष मुलांनी रथावर बसून हात हलवण्याऐवजी पाणी वाटावं. 'पै फ्रेंड्स लायब्ररी'च्या पुस्तक आदान-प्रदानात दिलेल्या पुस्तकाच्या बदल्यात पुस्तक मिळतं. देऊन-घेऊन शिकलेल्या मुलाला निव्वळ देण्याकडे नेणारी ती चांगली मधली पायरी आहे.

वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा दर शुक्रवारी एक छोटी गोष्ट केलेली बरी. दर शुक्रवारी तोच डबा, तीच मूठभर ज्वारी, अंगणातल्या त्याच चिमण्यांना. किंवा वृद्धाश्रमातल्या त्याच आजींना वाचून दाखवलेलं, न बोलणाऱ्या मुलाने नुसतं चित्र नेऊन दाखवलेलं. तेच ठिकाण आणि तोच माणूस यामुळे मूल ओळखतं, वाट पाहतं. एखाद्या शुक्रवारी आजी दिसल्या नाहीत तर विचारतं. दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहण्याची सुरुवात त्या विचारण्यापासून होते.

या साऱ्या आढाव्यातून माझं मत स्पष्ट झालं आहे. विशेष मुलांना देणं शिकवता येतं आणि शिकवायला हवं. दानपेटी मात्र तिसरी पायरी आहे. पहिली पायरी 'हे माझं', दुसरी 'हे द्यायचं की नाही ते मी ठरवणार'. या दोन पायऱ्या गाळून केलेलं देणं पाहणाऱ्यांना गोड वाटतं आणि मुलाला काही शिकवत नाही.

म्हणून तिघांना विनंती. शिक्षकांनी प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात या वर्षी एक उद्दिष्ट देण्याचं आणि एक नकाराचं लिहावं. पालकांनी मुलाच्या नावाचा एक डबा घरात ठेवावा आणि त्यातलं एक नाणंही त्याला न विचारता काढू नये. आणि मानपाड्यातल्या सोसायट्यांनी पुढच्या वेळी विशेष शाळेत खाऊ नेताना आधी फोन करून विचारावं, की आमच्यासाठी तुमची मुलं काय करू शकतील? उत्तर मिळालं तर ते आनंदाने घ्यावं. घेणं मोठ्यांनाही शिकावंच लागतं.